रायमन की ऑप्री? नॅशव्हिलचं तिकीट काढण्याआधी

कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला गाण्याचा प्रकार, आणि त्याचं माहेरघर टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. तिथे दोन रात्री हाताशी असतील तर एक रायमनला द्यावी, एक ऑप्रीला. एकच असेल तर आधी ठरवावं लागतं: आवडता गायक पोटभर ऐकायचाय, की 'खरं कंट्री कुठलं' यावरून चाहत्यांची जी हमरीतुमरी चालते ती मंचावर पाहायचीय? पहिल्यासाठी रायमन ऑडिटोरियम, दुसऱ्यासाठी ग्रँड ओल ऑप्री. तिकीट काढताना या नावांची गल्लत करणारे पुष्कळ, आणि त्यांचा फार दोष नाही. ऑप्री हा कार्यक्रम, रायमन ही इमारत, ऑप्री हाउस ही दुसरीच इमारत, आणि हिवाळ्यात कधी कधी ऑप्रीचा कार्यक्रम रायमनमध्येच भरतो. तिकिटावर 'ऑप्री ॲट द रायमन' असेल तर कार्यक्रम ऑप्रीचा आणि बाकं रायमनची. नुसतं गायकाचं नाव आणि खाली रायमन असेल तर ती त्याची स्वतंत्र मैफल. जागा म्हणून 'ऑप्री हाउस' लिहिलं असेल तर गावातून साधारण 15 किलोमीटर बाहेर जायचंय. हे न वाचता गावातल्या रायमनच्या दारात उभे राहिलात तर पहिले दोन कलाकार गाडीतच जातात.

ऑप्रीबद्दलची नेहमीची तक्रार अशी की ज्याच्यासाठी पैसे मोजले तो तीन गाणी म्हणून आत गेला. तसंच होतं, दर वेळी. दोन तासांच्या आसपासचा कार्यक्रम, त्यात आठ-एक कलाकार, प्रत्येकाला दोन-तीन गाणी. मध्ये सूत्रधार बाजूच्या पोडियमवरून प्रायोजकाचं चार ओळींचं गुणगान वाचतो, तेवढ्यात मागे माणसं तारा ओढतात, माइक सरकवतात, आणि पुढचा कलाकार उभा राहतो. हे सगळं उघड्यावर चालतं, पडदा पाडून नाही, कारण हा मुळात रेडिओचा कार्यक्रम आहे आणि आपण स्टुडिओत बसलेलो असतो. डब्ल्यूएसएम या केंद्रावर 28 नोव्हेंबर 1925 ला अंकल जिमी थॉम्पसन नावाच्या 77 वर्षांच्या फिडलवादकाला (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) बसवून हा प्रकार सुरू झाला आणि अजून 650 एएमवर थेट प्रसारित होतो. केंद्र एका विमा कंपनीचं होतं. 'वी शील्ड मिलियन्स' या तिच्या घोषवाक्याची आद्याक्षरं म्हणजे डब्ल्यूएसएम. शनिवारी गाणं ऐकलेल्या घरात सोमवारी विम्याच्या एजंटाला दार उघडत असे. तेव्हा प्रायोजकाच्या ओळी ऐकून नाक मुरडू नये, त्या पहिल्यापासूनच्या आहेत.

या घाईचा ध्वनीवर परिणाम होतो. स्वतःच्या मैफलीआधी गायक दुपारी तासभर आवाज जुळवून घेतो. इथे प्रत्येकाला तेवढा वेळ मिळणं शक्य नाही. त्यामुळे पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं बरेचदा कच्चं लागतं, फिडल दबलेलं, ड्रम पुढे आलेला. मिक्सरवरचा माणूस दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं जागेवर आणतो. म्हणून कलाकाराचं मोजमाप पहिल्या गाण्यावरून करू नये. ज्यांनी स्वतःचे वादक आणलेले नसतात त्यांना ऑप्रीचा घरचा वाद्यवृंद साथ करतो, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा तीच साथ जास्त चोख असते. त्या वृंदातल्या पेडल स्टील गिटारवाल्यावर नजर ठेवावी. दहा तारा, पायाखाली पेडल, गुडघ्याला लागणारे लिव्हर. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारेवर हललेली नसते, तरी पेडल दाबल्याबरोबर एक तार वर चढते आणि शेजारची जागेवर राहते. कंट्रीचा जो 'रडका' सूर म्हणतात तो इथून येतो. 1954 च्या सुमारास तो रेकॉर्डवर पहिल्यांदा गाजला आणि मग प्रत्येकाला हवासा झाला.

ऑप्री हाउसमध्ये सुमारे 4,400 जागा आहेत. बाकं इथेही चर्चसारखी, पण गादीची. मंचाच्या मध्यभागी साधारण सहा फुटांचं गोल लाकूड दिसतं, बाकीच्या फळ्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं. 1974 मध्ये कार्यक्रम रायमनमधून इथे हलवला तेव्हा तिथल्या मंचाचा तुकडा कापून इथे बसवला. पहिल्यांदा ऑप्रीत गाणारा कलाकार त्या वर्तुळात पाय ठेवताना खाली बघतो. अगदी निर्ढावलेलेसुद्धा बघतात. मे 2010 च्या पुरात हा मंच पाण्याखाली गेला होता. वर्तुळ काढून सुकवलं, दुरुस्त केलं आणि सप्टेंबरात पुन्हा जागेवर बसवलं. खालच्या मजल्यावर अगदी पुढे बसलात तर हे वर्तुळ दिसतच नाही, मंचाची कड आड येते. ते पाहायचंच असेल तर बाल्कनीची पुढची रांग किंवा खालची मधली रांग घ्यावी. मागच्या जागांवरून गायकाचा चेहरा दिसत नाही, पण बाजूचे पडदे मोठे आहेत.

आता हमरीतुमरीकडे. 'अमका कंट्री नाहीच' हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा या क्षेत्रात जात नाही. 2019 मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचं गाणं बिलबोर्डने, म्हणजे गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या अमेरिकी मासिकाने, कंट्रीच्या यादीतून काढलं. मुख्य यादीत ते 19 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. 2024 च्या मार्चमध्ये बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' हा अल्बम आला. त्याच्या आधी आलेल्या गाण्याने तिला बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं, आणि तिथे पोहोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय गायिका ठरली. तरी त्या वर्षीच्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांत तिला एकही नामांकन नव्हतं. 2025 च्या फेब्रुवारीत ग्रॅमीने त्याच अल्बमला सर्वोत्तम कंट्री अल्बम ठरवलं, शिवाय वर्षाचा सर्वोत्तम अल्बमही. रॅपमधून आलेल्या पोस्ट मलोनला मात्र त्याच 2024 मध्ये सीएमएची नामांकनं मिळाली. यावर 'तो नॅशव्हिलला येऊन राहिला, इथल्या लोकांबरोबर लिहिलं, पाहुणा म्हणून रीतसर आला' असा बचाव होतो. बचावात थोडं तथ्य आहे. नॅशव्हिल हा गीतकारांचा गाव आहे, इथे ओळखपाळखीला मोल आहे. पण त्याच वर्षी शबूझी या नायजेरियन आईबापांच्या, व्हर्जिनियात वाढलेल्या गायकाच्या गाण्यानेही मुख्य यादीत 19 आठवड्यांच्या विक्रमाची बरोबरी केली. 'ऐकणारे तयार नाहीत' हे कारण त्यामुळे कुणाला आता पुढे करता येणार नाही.

जून 2025 मध्ये ग्रॅमीने कंट्री अल्बमचा पुरस्कार दोन भागांत तोडला, पारंपरिक आणि समकालीन. बियॉन्सेच्या विजयानंतर लगेच हे झाल्यामुळे व्हायची ती कुजबुज झालीच. हा कप्पा असावा की नसावा यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. स्टील गिटार आणि फिडल घेऊन गाणाऱ्यांना पॉपच्या धाटणीच्या अल्बमांशी झुंजावं लागत होतं, हेही खरं. मात्र 'पारंपरिक' कुठली परंपरा, हा प्रश्न पुरस्काराने सुटत नाही. तो ऑप्रीच्या स्वतःच्या नावात अडकलेला आहे.

10 डिसेंबर 1927. डब्ल्यूएसएमवर राष्ट्रीय नेटवर्कचा शास्त्रीय संगीताचा तास संपला, त्यात आगगाडीची आठवण करून देणारी एक रचना होती. सूत्रधार जॉर्ज हे याने लगेच डेफोर्ड बेली या हार्मोनिकावादकाला उभं केलं आणि त्याने तोंडाच्या बाजावर खरीखुरी गाडी दौडवली: चाकांचा ठेका, चढावरची धाप, शिट्टी. त्यानंतर बोलण्याच्या ओघात 'ग्रँड ऑपेरा'ची थट्टा करत जॉर्ज हे याने 'ग्रँड ओल ऑप्री' हा शब्द उच्चारला, तोच चिकटला. म्हणजे ज्या वाजवण्यानंतर हे नाव जन्मलं ते एका कृष्णवर्णीय वादकाचं होतं. लहानपणच्या पोलिओमुळे बेली अंगाने खुरटलेला होता. ऑप्रीतल्या सुरुवातीच्या लोकप्रिय कलाकारांपैकी तो एक. 1941 मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओवाले आणि अ‍ॅस्कॅप ही संस्था यांच्यात वाद झाला, बेलीच्या जुन्या चिजा प्रसारणाबाहेर गेल्या, आणि 'नवीन शिकत नाही' असं सांगून त्याला काढलं. पुढचं आयुष्य त्याने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशच्या दुकानावर काढलं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तो 2005 मध्ये आला, मरणानंतर 23 वर्षांनी. ऑप्रीने माफी मागितली ती 2023 मध्ये.

हाच जॉर्ज हे गोऱ्या वादकांशीही कसा वागला ते पाहण्यासारखं आहे. हम्फ्री बेट हा पेशाने डॉक्टर, कोटटाय घालून वाजवायला येणारा. जॉर्ज हे याने त्याच्या वृंदाचं नाव 'पॉसम हंटर्स' केलं आणि फोटोला शेतकऱ्याचे कपडे चढवायला लावले. दुसऱ्या एका वृंदाला 'फ्रूट जार ड्रिंकर्स' म्हटलं, म्हणजे बरणीतून हातभट्टीची पिणारे. खेडवळपणा हा पहिल्या दिवसापासून पेहराव होता. काउबॉय टोपीही टेनेसीच्या डोंगरातली नव्हे, ती हॉलिवूडच्या गाणाऱ्या काउबॉयपटांतून आली. आणि चमचमते खडे लावलेले सूट शिवणारा नुडी कोन हा कीव्हमध्ये जन्मलेला ज्यू शिंपी. तेव्हा कुणाच्या बुटांवर माती आहे यावरून 'अस्सलपणा' मोजणाऱ्यांनी जरा जपून मोजावं.

वाद्यांचंही तसंच. बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. गॅम्बिया-सेनेगलमधल्या जोला लोकांचं अकोंटिंग आजही पाहायला मिळतं: भोपळ्यावर कातडं ताणलेलं, एक आखूड तार अंगठ्यासाठी. बोटाच्या नखाने वरून खाली फटका आणि लगेच अंगठ्याने ती आखूड तार छेडायची. क्लॉहॅमर बँजोची पद्धत हुबेहूब हीच. स्टील गिटार हवाई बेटांवरून आली. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतली हवाईयन गिटार ज्यांच्या कानात आहे त्यांना कंट्रीचा हा सूर अनोळखी वाटत नाही, दोघींचं मूळ एकच. डोब्रो या धातूची तबकडी बसवलेल्या गिटारचं नाव डोपेरा या स्लोव्हाक भावांवरून पडलं. फिडल ब्रिटिश बेटांतलं. या सगळ्याचं कडबोळं एकत्रच वाजत होतं. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्या गिऱ्हाइकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्यांसाठी 'हिलबिली' अशा दोन याद्या केल्या आणि एकाच पारावर वाजवणारे दोन दुकानांत गेले. केंटकीचा अर्नोल्ड शुल्झ हा कृष्णवर्णीय वादक आणि त्याच्याबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत साथ करणारा पोरगा बिल मनरो हे उदाहरण पुरेसं आहे. पुढे ब्लूग्रासचा (बँजो, फिडल, मँडोलिनवर जलद लयीत वाजणाऱ्या कंट्रीच्या शाखेचा) जनक म्हणून मनरोचं नाव झालं, शुल्झची एकही रेकॉर्ड निघाली नाही.

रायमनच्या दाराशी हे सगळं पुन्हा भेटतं. ब्लूग्रासच्या जन्माची पाटी तिथे आहे, कारण डिसेंबर 1945 मध्ये अर्ल स्क्रग्सची तीन बोटांची बँजो मनरोच्या साथीला पहिल्यांदा याच मंचावर ऐकू आली. बाहेर मनरोचा पुतळा आहे, गायिका लोरेटा लिनचा आहे, आणि 2023 पासून कृष्णवर्णीय गायक चार्ली प्राइडचाही. प्राइडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स कंपनीने रेडिओ केंद्रांना त्याच्या फोटोशिवाय पाठवल्या होत्या. 1967 च्या जानेवारीत तो ऑप्रीत गायला तेव्हा ऑप्री याच इमारतीत होती. 1969 मध्ये लिंडा मार्टेल तिथे गायली, एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. प्राइडला ऑप्रीचं सदस्यत्व 1993 मध्ये मिळालं, त्यानंतरचा कृष्णवर्णीय सदस्य डेरियस रकर, 2012 मध्ये. 'आमचा मंच सगळ्यांना खुला' असं ऑप्रीने म्हटलं की या तारखांमधली अंतरं मोजावीत. एका रात्रीसाठी बोलावणं वेगळं आणि सदस्य करून घेणं वेगळं. गंडा बांधल्यासारखंच असतं ते.

इमारत 1892 ची. टॉम रायमन या बोटमालकाने एका धर्मोपदेशकाच्या प्रवचनांसाठी ती उभी केली, नाव युनियन गॉस्पेल टॅबरनॅकल. रायमनच्या मृत्यूनंतर, 1904 मध्ये, त्याचं नाव मिळालं. बाल्कनी 1897 ची, कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या, सैन्यातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी बांधलेली, आणि तिला 'कॉन्फेडरेट गॅलरी' म्हणत. फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय ज्युबिली सिंगर्सही याच सभागृहात गायले. 1943 ते 1974 ऑप्री इथे होती. तेव्हा वातानुकूलन नव्हतं, कलाकारांना धड खोल्या नव्हत्या, दोन गाण्यांच्या मध्ये मागच्या गल्लीतून टूट्सीजच्या बारमध्ये जाऊन बसायचे. ऑप्री गेल्यावर इमारत जवळजवळ ओस पडली. 1991 मध्ये गायिका एमिलू हॅरिसने मोजक्या प्रेक्षकांसमोर इथे ध्वनिमुद्रण केलं, लोकांचं लक्ष पुन्हा गेलं, आणि 1994 मध्ये नव्या बाजूच्या इमारतीसह, स्वच्छतागृहं आणि थंड हवेसह ती उघडली.

आसनं 2,362. ओकची वक्र बाकं, हाताला टेकू नाही, गादी नाही. एका बाकावर जेवढे आकडे ठोकलेत तेवढी माणसं बसवतात, आणि हे आकडे एकोणिसाव्या शतकातल्या कंबरा गृहीत धरून ठोकले असावेत. अडीच तासांच्या मैफलीत दुसऱ्या तासाला पाठ बोलायला लागते. कोट काढून खाली घ्यावा, हाच उपाय. तिकीट निवडताना तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, खालच्या मजल्यावर बाल्कनीच्या छताखाली येणाऱ्या मागच्या रांगा. तिथे ध्वनीची वरची झळाळी कमी होते आणि मंचाचा वरचा भाग कापला जातो. बाल्कनीला पेलणारे खांबही तिथेच आहेत. तिकिटावर 'अडथळा' किंवा 'मर्यादित दृश्य' असं काही छापलं असेल तर ते अक्षरशः घ्यावं: खांबाच्या मागून गिटार दिसते, गायक दिसत नाही. दुसरी, खालच्या मजल्याला उतार फार नाही. पुढचे लोक उभे राहिले की मागच्यांना उभं राहावंच लागतं. रॉककडे झुकणारा कलाकार असेल तर रात्रभर. तिसरी, म्हणूनच, बाल्कनीच्या मधल्या भागातल्या पहिल्या तीन-चार रांगा. या इमारतीतल्या सगळ्यात चांगल्या जागा त्याच, मग खालच्या मजल्यावरचं तिकीट कितीही महाग असो. मंच जवळ भासतो, आवाज लाकडावरून उचलला जाऊन थेट वर येतो, आणि माणसं उभी राहिली तरी आड येत नाहीत. अगदी टोकाच्या बाजूच्या जागा मात्र टाळाव्यात, मंचाचा अर्धा भाग आणि ध्वनिक्षेपकांचा ढीग एवढंच दिसतं.

सभागृह प्रवचनासाठी बांधलेलं, म्हणजे माइक नसताना एका माणसाचा आवाज पोहोचावा म्हणून. त्याचा फायदा शांत वाद्यांना होतो. उन्हाळ्यात गुरुवारी होणाऱ्या 'ब्लूग्रास नाइट्स'पैकी एखाद्या रात्री जुन्या धाटणीचा, एकाच माइकभोवती उभा राहणारा वृंद सापडला तर सोडू नये. पाच जण आणि मध्ये एक माइक. मिक्सरवर कुणी काही वरखाली करत नाही, आवाज कमीजास्त होतो तो अंतराने. गाणारा मागे सरतो, मँडोलिनवाला खांदा पुढे घालून आत येतो, आपला तुकडा वाजवून डावीकडून बाहेर पडतो, तोवर बँजोवाला लांब दांडी वर करून त्याच्या कोपराखालून शिरलेला असतो. एकाचाही पाय चुकला तर दांडी कुणाच्या तरी कानशिलात बसेल. बाल्कनीतून हा नाच स्पष्ट दिसतो, खालून नुसत्या पाठी दिसतात.

रियॅनन गिडन्ससारखी कलाकार जुन्या पद्धतीची, पडदे (दांडीवरच्या सुरांच्या पट्ट्या) नसलेली बँजो घेऊन आली तर तिच्या दोन गाण्यांमधल्या सूर लावण्याला वैतागू नये. गेल्या शतकाआधीच्या घडणीच्या या बँजोला कातडं असतं. कातडं दमट हवेत सैल पडतं, मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने आवळतं, आणि दोन्ही वेळा सूर हलतो. या बँजोचा सूर खर्जातला, गोलसर असतो. स्क्रग्सच्या धाटणीचा खणखणाट अपेक्षित धरून गेलेल्यांना वाद्य बिघडलंय असं वाटू शकतं. 'काउबॉय कार्टर'मधली बँजोही गिडन्सचीच, तेव्हा बियॉन्सेवरून भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही एक मैफल शेजारी बसून ऐकायला हरकत नाही.

येणाऱ्या कार्यक्रमांचं वेळापत्रक वाचायची एक रीत आहे. ऑप्रीची यादी एकदम जाहीर होत नाही. तारीख आधी विक्रीला येते, नावं हळूहळू भरत जातात, शेवटच्या आठवड्यातही बदल होतो. म्हणून एका नावासाठी महिनाभर आधी ऑप्रीचं तिकीट काढणं हा जुगार आहे. यादीत बदल झाला म्हणून पैसे परत मिळण्याची आशा धरू नये. अर्धी यादी भरेपर्यंत थांबावं. मंगळवारचे खेळ शनिवारपेक्षा सहसा सुटसुटीत पडतात, आणि वादकांची फळी तितकीच तगडी असते. रायमनचं उलटं: तिथे जाहीर झाल्या दिवशीच हात चालवावा लागतो, विशेषतः एकच कलाकार सलग अनेक रात्री गातो तेव्हा. गायक जेसन इस्बेलच्या शरद ऋतूतल्या रात्री त्यासाठी प्रसिद्ध आहेत. अशा वेळी मधल्या वारांची रात्र घ्यावी. शुक्रवार-शनिवार आधी संपतात. सप्टेंबरात अमेरिकानाफेस्ट असतो. मुळांकडे जाणारं, रेडिओच्या कंट्रीत न बसणारं संगीत हवं असेल तर गावात येण्याचा तोच आठवडा. पण तेव्हा हॉटेलचे दर आणि रायमनमधल्या पुरस्कार सोहळ्याची तिकिटं दोन्ही हाताबाहेर जातात. जूनचा सीएमए फेस्ट रेडिओवरच्या ताऱ्यांचा. गर्दीची हौस असेल त्यांनी जावं.

तिकीट शोधताना वरती दिसणारी पहिली साइट अधिकृत असेलच असं नाही. पुनर्विक्री करणाऱ्यांची पानं हुबेहूब तशीच दिसतात, नावातही रायमन किंवा ऑप्री असतं. सभागृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच पुढे जावं. 12 मे 2025 पासून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे: कार्यक्रमाच्या तिकिटाची सक्तीच्या शुल्कांसकट एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवायची, शेवटच्या पानावर शुल्कं उगवायला नकोत. सरकारी कर त्यातून वगळता येतो. शेवटच्या टप्प्यावर आकडा करापेक्षा जास्त फुगला तर तिथून बाहेर पडावं.

ऑप्री हाउसहून परत येणं हा वेगळा विषय. चार हजार माणसं एकाच वेळी फोन काढून गाडी मागवतात, भाडं दुप्पट दिसतं. शेजारच्या ऑप्री मिल्स मॉलपर्यंत पायी जाऊन वीस मिनिटं काढली की आकडा खाली येतो.

छोट्या जागांपैकी ब्लूबर्ड कॅफे 1982 पासून आहे, दुकानांच्या रांगेतली साधी खोली, नव्वदच्या आसपास खुर्च्या. चार गीतकार मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून बसतात, पाळीपाळीने स्वतःचं एकेक गाणं म्हणतात आणि ते कसं सुचलं ते सांगतात. रेडिओवर ज्याचं नाव ऐकलं तो गायक, आणि गाणं लिहिणारा हा टक्कल पडलेला गृहस्थ, हे तिथे कळतं. बोलण्याला मनाई आहे, कुजबुजलात तरी 'श्श' येतो आणि तो योग्यच आहे. जागा ऑनलाइन सुटतात आणि मिनिटांत संपतात. सुटण्याची वेळ नॅशव्हिलच्या घड्याळाने पाहावी, आपल्या नव्हे. ब्रॉडवेवरच्या बारमध्ये बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट असतो, वादकांची कमाई बादलीत पडणाऱ्या टिपांवर. फर्माईश करायची तर नोट टाकून करावी. त्या रांगेत जुनं कंट्री ऐकायचं असेल तर रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड, बाकी ठिकाणी पॉप-रॉकची उजळणी चालते. ब्लूग्राससाठी द गल्चमधलं स्टेशन इन, रविवारच्या रात्री वादकांची खुली बैठक. येईल त्याला जागा, म्हणून दार उघडायच्या आधी रांगेत.

हॉल ऑफ फेमचं संग्रहालय रायमनपासून चालत दहा मिनिटांच्या आत आहे, नुडीचे सूट आणि चांदीचे डॉलर जडवलेली गाडी तिथे आहे. त्याहून जवळ, जवळपास रायमनच्या समोर, 2021 मध्ये उघडलेलं नॅशनल म्युझियम ऑफ आफ्रिकन अमेरिकन म्युझिक. एकाच दुपारी दोन्ही पाहायची असतील तर आधी हे दुसरं पाहावं. मग हॉल ऑफ फेमच्या भिंतीवरचे चेहरे मोजताना नजर वेगळी असते.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी करता येते. डब्ल्यूएसएम इंटरनेटवरही ऐकू येतं. नॅशव्हिलचा शनिवार संध्याकाळी सातचा खेळ म्हणजे भारतात रविवारची पहाट, उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. प्रायोजकाच्या ओळी, मधलेच हशे, पहिल्या कडव्यातला कच्चा आवाज, सगळं जसंच्या तसं येतं. दोन तास ऐकून तीन-तीन गाण्यांनी चिडचिड झाली तर ऑप्री सोडून रायमनची बाल्कनी बघावी.